झोपलेला पंच : एक दुरुस्ती

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे ‘इतिहासावर एक लेख’ मागितला. त्यांच्या मनात बहुधा शाळेचा इतिहास असावा. तो लिहायला माझ्यापेक्षा जाणकार माणसे आपल्यात आहेत. मी लिहिणार आहे ते लंडनच्या टेम्स नदीवर दर वसंतात होणाऱ्या ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांच्या होड्यांच्या शर्यतीविषयी. तिचा आपल्या शाळेशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी आठवी ‘ब’चा वर्ग आठवावा. दुपारचा शेवटचा तास आणि इतिहासाचे सर. नाव लिहीत नाही. खडूचा तुकडा तिसऱ्या बाकावरच्या मुलाच्या कानाच्या पाळीवर नेमका बसवणारे सर, एवढे म्हटले की पुरे.

सर ब्रिटिश पार्लमेंट शिकवत होते आणि अर्धा वर्ग पेंगत होता. ते थांबले आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली. इंग्लंडात दोन मोठी विद्यापीठे आहेत. दरवर्षी त्यांच्यात होड्यांची शर्यत होते. एका वर्षी दोन्ही होड्या जवळजवळ एकदम आल्या. निकाल विचारायला माणसे पंचाकडे धावली, तर पंच म्हणून बसवलेला म्हातारा नावाडी दारू पिऊन झुडपाखाली घोरत पडलेला. त्याला हलवून उठवले. तो डोळे चोळत म्हणाला, ‘‘बरोबरी! ऑक्सफर्ड पाच फुटांनी पुढे!’’

वर्ग खदखदून हसला. सरही हसले. मग म्हणाले, ‘‘म्हणून इतिहासात साक्षीदार कोण, ते आधी बघायचं.’’

ही गोष्ट मी पुढे पन्नास वर्षे सांगत आलो. बँकेच्या प्रशिक्षण वर्गात सांगितली, सोसायटीच्या निवडणुकीत मतमोजणी अडली तेव्हा सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली. दर वेळी हशा मिळाला. आता कळले आहे की गोष्ट खरी नाही. सर, तुम्ही आता नव्वदीच्या घरात आहात आणि ही स्मरणिका तुमच्या हाती पडणार आहे, म्हणून हे जरा भीतभीतच लिहितो. खडू अजून असेल तर तयार ठेवा.

मुलगी नोकरीनिमित्त लंडनला असते. मार्च २०२४ मध्ये आम्ही दोघे तिच्याकडे होतो आणि ३० तारखेला शर्यत होती. पटनीच्या पुलाजवळ काठावर आधीच दोन तास जाऊन उभे राहिलो. अशा शर्यतीत काठावरच्या माणसाला प्रत्यक्षात फार थोडे दिसते. दोन लांबट होड्या सपकन समोरून जातात, मागे पंचांची मोटरबोट आणि आणखी बोटींचा ताफा जातो, लाटा काठावर आपटतात आणि संपले. बाकीची शर्यत लोक हातातल्या मोबाइलवर पाहतात. तरीही नदीच्या दोन्ही काठांवर माणसांची भिंत उभी होती.

मला मात्र पाण्याने गुंतवले. शर्यत पटनीहून सुटते आणि मॉर्टलेकला संपते. अंतर ४ मैल ३७४ यार्ड, म्हणजे सुमारे ६.८ किलोमीटर. नकाशात पाहिले तर हे नदीच्या उगमाकडे, प्रवाहाच्या उलट जाणे आहे. पण टेम्स तिथे आपल्या खाडीसारखीच वागते. समुद्राची भरती लंडन ओलांडून आत चढते. भरती जोरात असताना शर्यत सोडतात, त्यामुळे पाणीच होड्यांना वर ढकलते. शर्यतीची वेळ दरवर्षी वेगळी असते ती याच कारणाने. पलीकडच्या गावांतून तरीने शाळेत येणाऱ्या आपल्या मित्रांना हे समजावून सांगायला नको. ‘ओहोटी होती, तर अडकली’ हे कारण आपल्या शाळेत उशिरा येण्याला चालत असे, आणि आम्हा गावातल्या मुलांना त्याचा फार हेवा वाटे.

प्रत्येक होडीत आठ वल्हेकरी आणि नववा सुकाणू धरणारा, ज्याला तिथे कॉक्स म्हणतात. वल्हेकरी जायच्या दिशेकडे पाठ करून बसतात. समोर बघतो तो फक्त कॉक्स. त्यामुळे एक गंमत होते. जी होडी पुढे असते तिच्यातल्या आठ जणांना मागची होडी दिसत राहते. जी मागे असते तिच्यातल्यांना काहीच दिसत नाही, कॉक्सच्या ओरडण्यावर विश्वास ठेवून हात चालवायचे. नदी दोन्हीकडे वळणे घेते, म्हणून कोणता काठ घ्यायचा याला फार महत्त्व असते. त्यासाठी नाणेफेक होते, आणि नाणे असते १८२९ सालचे सोन्याचे सॉव्हरिन. आजवरचा विक्रम केंब्रिजचा आहे, १९९८ साली १६ मिनिटे १९ सेकंद.

आम्ही पाहिली त्या दिवशी पुरुषांची आणि स्त्रियांची अशा दोन्ही शर्यती केंब्रिजने जिंकल्या. जिंकल्यावर आपल्या कॉक्सला नदीत फेकायची जुनी पद्धत आहे, पण त्या वर्षी पाण्यात सांडपाण्याचे जंतू इतके सापडले होते की कुणी पाण्यात उतरू नये अशी ताकीद होती. ऑक्सफर्डच्या काही वल्हेकऱ्यांची पोटेही बिघडली होती. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात गेलेल्या आणि संगमाजवळच्या बोट क्लबात वल्ही मारलेल्या आपल्या मित्रांनी हे वाचून मुळा-मुठेची आठवण काढली तर त्यांना दोष देता येणार नाही.

घरी आल्यावर मुलीने विचारले, ‘‘बाबा, ही शर्यत सुरू कुणी केली?’’ मला झोपलेला पंच तेवढा माहीत होता. मग तिथल्या ग्रंथालयात जाऊन बसलो. निवृत्त माणसाला वेळ असतो.

या शर्यतीची सुरुवात शाळेतल्या दोन मित्रांनी केली. हॅरो नावाच्या शाळेत चार्ल्स वर्ड्‌स्वर्थ आणि चार्ल्स मेरिव्हेल बरोबर शिकत होते. वर्ड्‌स्वर्थ हा प्रसिद्ध कवीचा पुतण्या. शाळा संपली आणि वाटा फुटल्या. वर्ड्‌स्वर्थ ऑक्सफर्डला गेला. मेरिव्हेलला ईस्ट इंडिया कंपनीची हिंदुस्थानातली नोकरी मिळत होती आणि तिच्या तयारीसाठी तो हेलिबरीच्या कॉलेजात दाखलही झाला होता. पेशवाई बुडून तेव्हा सहा-सात वर्षेच झाली होती. मेरिव्हेलने मन बदलले नसते तर एखादे वेळी आपल्याच जिल्ह्यात साहेब म्हणून आला असता. पण त्याने ती नोकरी नाकारली आणि तो केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला.

आता गंमत बघा. ऑक्सफर्डला शिकणाऱ्या वर्ड्‌स्वर्थचे वडील केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख होते. म्हणजे त्याचे घरच प्रतिस्पर्ध्याच्या गावात! सुटीत तो घरी यायचा आणि मेरिव्हेल तिथे असायचाच. दोन विद्यापीठांत खेळांचे सामने व्हावेत ही वर्ड्‌स्वर्थची हौस जुनीच होती. १८२७ साली लॉर्ड्‌सवर झालेला त्यांचा पहिला क्रिकेट सामनाही त्यानेच जमवला होता. मार्च १८२९ मध्ये केंब्रिजने ऑक्सफर्डला होड्यांच्या शर्यतीचे रीतसर आव्हान धाडले. आपल्याकडे दहावीनंतर अर्धी बॅच एका कॉलेजात आणि अर्धी दुसऱ्या कॉलेजात जाते, आणि दिवाळीत भेटल्यावर ‘तुमचं कॉलेज आमच्यापुढे काय’ असे सुरू होते, त्यातलाच हा प्रकार.

१० जून १८२९ रोजी टेम्सकाठच्या हेन्ले गावी शर्यत झाली. पहिल्या सुटण्यात होड्या एकमेकींना भिडल्या म्हणून पुन्हा सोडाव्या लागल्या. ऑक्सफर्ड सहज जिंकले. त्यानंतर सात वर्षे काही झाले नाही, कारण शर्यत कुठे घ्यायची यावर एकमत होईना. ऑक्सफर्डला हेन्ले हवे होते आणि केंब्रिजला लंडन. (आपला मेळावा शाळेत घ्यायचा की रिसॉर्टवर, यावर आपल्या गटात जी चर्चा झाली ती वाचलेल्यांना सात वर्षे जास्त वाटणार नाहीत.) दुसरी शर्यत १८३६ साली लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरपासून पटनीपर्यंत झाली. तिथे होड्यांची आणि आगबोटींची गर्दी वाढली म्हणून १८४५ मध्ये ती पटनीहून पुढे नेली. १८५६ पासून ती दरवर्षी होते. खंड पडला तो दोन महायुद्धांत आणि २०२० च्या करोनात. १९१४ ला जी मुले एकमेकांविरुद्ध वल्ही मारत होती त्यांतली कित्येक पुढच्या चार वर्षांत युद्धात गेली.

मेरिव्हेल पुढे रोमन साम्राज्याचा मोठा इतिहासकार झाला आणि १८६९ पासून १८९३ मध्ये मरेपर्यंत एली या गावच्या कॅथेड्रलचा डीन होता. करोनानंतर २०२१ साली शर्यत टेम्सवर न घेता बाहेर न्यावी लागली, ती नेमकी या एलीजवळच्या ग्रेट ऊझ नदीवर.

ग्रंथालयात असताना एका गोष्टीने मला फार आनंद झाला. आपल्याच जिल्ह्यातल्या, दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथराव परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले हे आपल्याला शाळेत शंभरदा सांगितले गेले. ते मेरिव्हेलच्याच सेंट जॉन्सचे. १८९० ते १८९८ अशी सलग नऊ वर्षे ऑक्सफर्डने शर्यत जिंकली होती. ती साखळी केंब्रिजने तोडली ते वर्ष १८९९! मार्चमध्ये होडी जिंकली आणि जूनमध्ये रँग्लरांच्या यादीत आपला कोकणी माणूस पहिला. अर्थात एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, पण जिल्ह्याचा अभिमान म्हणून नोंदवून ठेवतो. याच कॉलेजच्या बोट क्लबाचे खेळाडू भडक लाल कोट घालत. त्या आगीसारख्या रंगावरून ‘ब्लेझर’ हा शब्द निघाला. मेळाव्यासाठी निळे ब्लेझर शिवायला टाकणाऱ्या समितीने याची नोंद घ्यावी.

आता आपल्या पंचाकडे येतो.

२४ मार्च १८७७. ऑक्सफर्डची होडी पुढे होती. शेवटचा टप्पा राहिला असताना त्यांच्या पहिल्या वल्हेकऱ्याचे वल्हे तडकले. तो जोर लावू शकेना, म्हणजे आठांचे काम सातांवर आले. केंब्रिजने हे पाहून वेग वाढवला आणि हातहात करत अंतर तोडत आणले. शेवटी दोन्ही होड्या खेटून पुढे गेल्या. तोफ वाजली. काठावर एकदा या बाजूचा जयघोष, एकदा त्या बाजूचा. कोण जिंकले ते कुणालाच कळेना.

शेवटच्या जागी पंच होता जॉन फेल्प्स. टेम्सवरचा व्यावसायिक नावाडी, वय सत्तरीच्या पुढे, आणि नदीवर त्याला सगळे ‘ऑनेस्ट जॉन’ म्हणत. त्या काळच्या ‘टाइम्स’चा वृत्तान्त मी डोळ्यांनी वाचला. पत्रकारांची बोट मागे वळून फेल्प्सजवळ गेली आणि तिने निकाल विचारला. त्याने सांगितले की दोन्ही होड्यांची नाके अगदी एका रेषेत गेली, बरोबरी आहे. झुडूप नाही, घोरणे नाही, दारू नाही. मुख्य पंच चिटी मागच्या बोटीत होता. त्याने फेल्प्सशी बोलून तोच निकाल कायम केला. हा चिटी व्यवसायाने वकील, पुढे नामांकित न्यायाधीश झाला. साक्षीदाराची पारख हा त्याचा धंदाच होता, आणि त्याने फेल्प्सचा शब्द मानला.

बरे, बरोबरी शक्य तरी होती का? मला वाटते, त्या दिवशी त्याहून प्रामाणिक उत्तर शक्य नव्हते. आज पैलतीरावर एक आणि ऐलतीरावर एक असे खांब आहेत, त्यांची रेषा धरून बघता येते. १८७७ ला असे खांब नव्हते. ते नंतर आले, आणि याच शर्यतीमुळे आले. शिवाय होडी मोटारीसारखी एकसारखी पळत नाही. वल्ही पाण्यात ओढली की ती उसळी घेते, वल्ही बाहेर काढून पुढे नेताना तिचा वेग बदलतो. शेवटच्या टप्प्यात केंब्रिजची वल्ही मिनिटाला चाळीस वेळा पडत होती. दोन होड्यांची वल्ही वेगवेगळ्या क्षणी पडत असतील तर एका क्षणी हिचे नाक पुढे, दुसऱ्या क्षणी तिचे. रुंद नदीच्या एका कडेला डोलणाऱ्या छोट्या होडीत बसून, दोन्हींकडे एकाच वेळी बघून, ‘अमकी चार बोटे पुढे’ असे सांगणारा माणूस एक तर देव असेल, नाहीतर थापाड्या.

२००३ साली ऑक्सफर्ड फक्त एका फुटाने जिंकले. पावणेसात किलोमीटर वल्हवल्यावर एक फूट! त्या वर्षी दोन्ही होड्यांत मिळून सख्ख्या भावांच्या दोन जोड्या होत्या, स्मिथ बंधू आणि लिव्हिंग्स्टन बंधू. दोन्ही घरांतला एकेक भाऊ ऑक्सफर्डकडून आणि एकेक केंब्रिजकडून. चौघेही हॅम्प्टन या एकाच शाळेचे विद्यार्थी. पण त्यांच्या निकालाला खांब होते आणि कॅमेरे होते, त्यामुळे त्यावर विनोद झाले नाहीत.

मग फेल्प्सवरच का झाले? सर, तुम्ही सांगितलेले वाक्य मी त्या ग्रंथालयात तुमच्यावरच वापरले. साक्षीदार कोण, ते आधी बघायचे. ही गोष्ट ऑक्सफर्डच्या बाजूने पसरली. त्यांचे म्हणणे, वल्हे तुटूनही आम्हीच पुढे होतो. वल्हे तुटल्यावर शेवटपर्यंत झुंजलेल्या त्या आठ जणांना हळहळ वाटली असेल तर ती खरीच. पण ‘पंचाला नक्की दिसले नाही’ असे म्हणण्यापेक्षा ‘पंच पिऊन झोपला होता’ हे सांगायला सोपे पडते, आणि पंच जर नावाडी असेल तर ऐकणारा लगेच विश्वास ठेवतो. नावाडी, हमाल, शिपाई यांच्या तोंडाला दारूचा वास आधीच लावून ठेवलेला असतो.

टेम्सच्या नावाड्यांची स्वतःची एक शर्यत आहे, डॉगेट्स कोट अँड बॅज नावाची. नव्याने परवाना मिळालेल्या नावाड्यांसाठी ती १७१५ साली सुरू झाली, म्हणजे विद्यापीठांच्या शर्यतीहून ११४ वर्षे जुनी. जिंकणाऱ्याला लाल कोट आणि हातावर लावायचा चांदीचा बिल्ला मिळतो. फेल्प्स घराण्यातल्या अनेकांनी तो मिळवला आहे. या पाण्याचे भोवरे, भरतीची ओढ कुठे जास्त लागते, पुलाच्या कोणत्या कमानीखालून जायचे, हे श्रीमंतांच्या मुलांनी अशाच नावाड्यांकडून शिकून घेतले. शिकून घेतले, आणि मग दार लावले. १८७७ नंतर दोनच वर्षांनी, १८७९ साली हेन्लेच्या रेगाटाने ‘हौशी खेळाडू’ म्हणजे कोण याची व्याख्या केली. वल्ह्यावर पोट भरणारा त्यात बसत नव्हता हे समजण्यासारखे आहे. पण कारागीर आणि मजूरही बसत नव्हते, मग त्यांनी आयुष्यात कधी पैशासाठी वल्हे हातात धरले नसले तरी. हा नियम किती टिकला? १९३६ साली ऑलिंपिकसाठी निघालेल्या ऑस्ट्रेलियाच्या आठ जणांच्या संघाला हेन्लेला उतरू दिले नाही, कारण ते सगळे पोलीस होते! त्यावर ओरड झाली तेव्हा कुठे नियम गेला.

स्त्रियांची हकीकत थोडक्यात सांगतो, नाहीतर आपल्या वर्गभगिनी मला मेळाव्यात जेवू देणार नाहीत. त्यांची शर्यत १९२७ ला सुरू झाली, पण पहिल्या वेळी होड्या शेजारी शेजारी सोडल्याच नाहीत. वेग वेगळा मोजला आणि वल्हवण्याच्या डौलाला वेगळे गुण दिले. पुरुषांबरोबर त्याच दिवशी, त्याच पाण्यावर उतरायला त्यांना २०१५ उजाडले. मात्र १९८१ मध्ये सू ब्राउन ही मुलगी पुरुषांच्या होडीची कॉक्स झाली आणि ऑक्सफर्डने ती शर्यत जिंकली.

२०२५ च्या शर्यतीनंतरचा पुरुषांचा हिशेब असा आहे : केंब्रिज ८८, ऑक्सफर्ड ८१, आणि बरोबरी १. त्या एकाच्या मागे ऑनेस्ट जॉन उभा आहे.

इथे लेख संपवता आला असता. पण एक गोष्ट राहिली आहे, आणि ती तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे.

नववीत असताना आपल्या वार्षिक क्रीडा स्पर्धेत ‘अ’ आणि ‘ब’ तुकडीची रिले झाली. चषकाचा निकाल त्या एका शर्यतीवर होता. शेवटच्या फितीजवळ ज्या शिक्षकांनी उभे राहायचे, त्यांना ऐन वेळी पाहुण्यांच्या चहापाण्याकडे जावे लागले. फितीचे एक टोक खांबाला बांधले होते आणि दुसरे शाळेच्या शिपाईमामांच्या हातात होते. दोन्ही मुले एकदम आली. मुख्याध्यापकांनी मामांना विचारले. मामा म्हणाले, ‘‘दोगं बरोबर आले, सर.’’ पुन्हा विचारले. पुन्हा तेच. चषक सहा-सहा महिने वाटून दिला गेला. दोन्ही तुकड्या चिडल्या, आणि एकमेकांवर चिडायच्या ऐवजी मामांवर चिडल्या.

त्या वर्षीच्या हस्तलिखितात ‘झोपलेला पंच’ या नावाचा विनोदी लेख आला. फीत हातात धरून मामा उभ्या उभ्या घोरत होते आणि मुख्याध्यापकांनी हलवल्यावर म्हणाले, ‘बरोबरी, ब तुकडी दोन फुटांनी पुढे.’ लेखावर टोपणनाव होते. तो मी लिहिला होता. आठवीत ऐकलेली गोष्ट उचलली आणि नावे बदलली, इतकेच. सर, तुम्हीही तो वाचून हसला होता. तुम्हाला लेखक माहीत होता की नाही, हे विचारायचे मी आजवर टाळले.

मामांना वाचता येत नव्हते, पण ‘काय मामा, जागे का?’ हे ऐकू येत होते. वर्षभर ते त्यांनी ऐकले. दहावीत आपल्या शेवटच्या क्रीडा स्पर्धेला फीत धरायला मामा आले नाहीत. ऑफिसात काम आहे म्हणाले. त्या दिवशी ऑफिसला सुटी होती. घंटा मात्र त्यांनी निवृत्तीपर्यंत एक मिनिटही चुकवली नाही. मी त्यांची माफी मागितली नाही. मामा जाऊनही आता वीस वर्षे झाली.

लंडनहून परतल्यावर मी त्या रिलेत शेवटचे धावलेल्या दोघांनाही फोन केला. ‘ब’चा म्हणाला, ‘‘अरे, मीच पुढे होतो, अजून सांगतो.’’ ‘अ’चा काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘फीत दोघांच्या छातीला एकदमच लागली. मला तेव्हाच कळलं होतं. पण मला कुणी विचारलंच नाही.’’

मामांचे चिरंजीव मेळाव्याला यायला कबूल झाले आहेत. रविवारी सकाळच्या पहिल्या चहाला ते, सर आणि मी एका टेबलावर बसू असे मी समितीला कळवले आहे. हस्तलिखिताचा तो अंक कुणाकडे असेल तर कृपया बरोबर आणावा. पिवळ्या पुठ्ठ्याचा आहे, वर होडीचे चित्र आहे.